केमोत हिरड्यांतून रक्त, ब्रश बंद करू का?

प्रश्न: लेकरू ७ वर्षांचं, रक्ताचा कॅन्सर, केमो चालूय. ब्रशला रक्त लागतंय, भाकरी पण खाईना. ब्रश बंद करून मिश्री लावू का? – एक आई, बीड जिल्हा

उत्तर: ताई, मिश्री अजिबात नको, ती तंबाखूच आहे. केमोनं पांढऱ्या पेशी अन् प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी होतात म्हणून हिरड्या सुजतात, रक्त येतं, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ब्रश बंद करू नका, एकदम मऊ ब्रश कोमट पाण्यात भिजवून हळूच फिरवा, मीठ-खायच्या सोड्याच्या पाण्यानं चुळा भरायला लावा. भाकरी दुधात कुस्करून गार करून द्या. रक्त थांबेना किंवा ताप १००.४ ला गेला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा. दात काढायचा झाला तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.