जाहिरातीत ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ म्हणतात, त्यावर किती विश्वास ठेवावा? खोटं असेल तर तक्रार कुठे करायची?

नुसत्या त्या शब्दांवर अजिबात ठेवू नये. कारण जरा घरगुती आहे, पण सांगतो.

मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतो. माझे साडू चेन मार्केटिंगमधल्या एका फळाच्या रसाचे डिस्ट्रिब्युटर आहेत. कंपनीचं नाव घेत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून दिवाळीत ते बाटली घेऊन आले आणि घर भरलेलं बघून त्यांनी डेमोच लावला. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात बीटाडिनचे थेंब. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. “आई, हे शरीरातलं विष समजा.” मग त्यात चमचाभर रस घालून ढवळलं आणि रंग गायब! “बघा, सायंटिफिकली प्रूव्हन. डोळ्यांदेखत.” सासूबाईंनी हात जोडले.

मी उठलो, दुसऱ्या ग्लासात तेवढंच बीटाडिन टाकलं आणि फ्रिजमधलं लिंबू कापून पिळलं. रंग गेला. बीटाडिनमध्ये आयोडीन असतं, क जीवनसत्त्व त्याचं आयोडाइड करतं आणि आयोडाइडला रंग नसतो. एवढंच. आमच्या लॅबमधला हायपो घातला तरी हेच होतं. फोटोच्या फिल्म धुवायला वापरायचे तोच हायपो. तो काय गुडघ्यासाठी प्यायचा? साडू हसले. म्हणाले, “सर, तुमचं विज्ञान पुस्तकात, आमचं रिझल्टमध्ये.” सासूबाईंनी पेन्शनमधून बाटली घेतलीच, आणि नंतर पुढचीही.

माहितीपत्रकात ‘ओरॅक’ नावाचा एक भलामोठा आकडा होता. परीक्षानळीत एखादा पदार्थ ऑक्सिडेशन किती रोखतो, त्याचं ते माप. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांची यादी संकेतस्थळावर ठेवली होती. कंपन्या त्याचा गैरवापर करतात आणि शरीरातल्या परिणामाशी या आकड्यांचा संबंध दाखवता येत नाही, म्हणून २०१२ साली ती काढूनही टाकली. आमच्या बाटलीच्या पत्रकावर आकडा अजून आहे. अँटिऑक्सिडंट म्हणजे जितकं जास्त तितकं चांगलं, हेही खरं नाही. फिनलंडमध्ये सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. हे साडूंना सांगितलं तर म्हणाले, “आपण कुठे सिगारेट ओढतो?”

आणि त्यांचे ते रिझल्ट! गुडघेदुखी कमीजास्त होतच असते. माणूस बाटली विकत घेतो ती दुखणं ऐन भरात असताना. पुढे ते आपसूक उतरतं आणि श्रेय बाटलीला मिळतं. म्हणून तर चाचणीत दुसरा गट लागतो, तशाच चवीचं खोटं सरबत पिणारा. तो गट कुठे आहे, एवढा एकच प्रश्न विचारा. ‘९० टक्के महिलांना फरक जाणवला’ असं असेल तर खालची बारीक अक्षरं वाचा. बहुतेकदा त्यांना नुसतं विचारलेलं असतं. एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) नंबर, आयएसओ, पेटंट यातलं काहीही गुणाचा पुरावा नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये पतंजलीच्या कोरोनिल गोळ्यांच्या कार्यक्रमात जागतिक आरोग्य संघटनेचं नाव झळकलं आणि संघटनेला जाहीर करावं लागलं की कोविडसाठी कुठल्याही पारंपरिक औषधाची परिणामकारकता आम्ही तपासलेली किंवा प्रमाणित केलेली नाही.

सगळंच खोटं असतं असं नाही, आणि मी आयुर्वेदाच्या विरोधातही नाही. रोज त्रिफळा घेतो. नोनीसारख्या फळांच्या रसात मात्र पोटॅशियम बऱ्यापैकी असतं, त्यामुळे मूत्रपिंड अधू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

तक्रारीचं राहिलंच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जाहिरातीबद्दल मुंबईच्या एएससीआय या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेकडे, औषध म्हणून विकत असतील तर एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होतो, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत.

अडचण अशी की साडूंच्या पत्रकावर ‘हे औषध नाही’ असं छापलेलं आहे. गुडघे बरे करायचा दावा फक्त तोंडी, आणि तोंडी दाव्याची तक्रार करायची कशी? तेव्हा कोणी असा रस गळ्यात मारू लागलं तर सांगा, ‘कशाने काय बरं होतं ते तेवढं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा.’ मी साडूंना तसं म्हटलंय. ते रोज सकाळी सुप्रभात पाठवतात.