लष्करी विमानतळावर खासगी विमान उतरवता येतं का?

तुम्ही विचारलंय: "मी कल्याणचा, पीपीएल (खासगी वैमानिकाचं लायसन्स) करतोय. छोटं खासगी विमान लष्कराच्या विमानतळावर उतरवता येतं का? आणि नेवाळीची जुनी धावपट्टी रिकामीच पडून आहे, तिथे?"

मी ठाण्यात राहतो आणि बरीच वर्षं खासगी विमानांच्या फ्लाइट डिस्पॅचमध्ये, म्हणजे उड्डाणाचं नियोजन आणि परवानग्या बघण्याचं, काम करतोय.

नेवाळीचं आधी सांगतो. तिथे उतरता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सुमारास ब्रिटिशांनी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन ती धावपट्टी केली. जागेचा ताबा नौदलाकडे गेला, जमिनी परत मिळाव्यात ही गावकऱ्यांची मागणी राहिली, आणि जून २०१७ मध्ये कुंपणाच्या भिंतीवरून तिथे शेतकऱ्यांचं आंदोलन कसं पेटलं होतं ते तुम्ही कल्याणकर म्हणून जाणताच. वरून पट्टी दिसते म्हणून तिला विमानतळ समजू नका.

बाकी प्रश्नाचं उत्तर मात्र हो असं आहे. पुण्याला किंवा गोव्याला विमानाने गेला असाल तर प्रवासी म्हणून तुम्ही लष्करी धावपट्टीवर उतरलाही असाल. लोहगाव हवाई दलाचं, तिथे सुखोई असतात. दाबोळी नौदलाचं, आयएनएस हंसा. धावपट्टी आणि टॉवर त्यांच्याकडे, प्रवाशांची इमारत विमानतळ प्राधिकरणाकडे. या नागरी भागाला सिव्हिल एन्क्लेव्ह म्हणतात. खासगी विमानालाही तिथे जाता येतं, पण आधी विचारून. त्यांच्या सरावाच्या वेळा ठरलेल्या असतात, पार्किंगला जागा मोजकी. जिथे एन्क्लेव्हच नाही अशा निव्वळ लष्करी तळावर मात्र ठोस कारण आणि वरिष्ठ पातळीवरची लेखी मंजुरी लागते. हौस म्हणून ती मिळत नाही. अमेरिकेतही असंच आहे: विम्याचा दाखला, उतरण्याचा परवाना आणि नुकसान झालं तर सरकारवर दावा करणार नाही असं हमीपत्र, असे तीन कागद आधी भरावे लागतात.

शिवाय आपल्याकडे फ्लाइट प्लॅन भरला की एडीसी आणि एफआयसी असे दोन नंबर घ्यावे लागतात. एफआयसी हा उड्डाण माहिती केंद्राचा नंबर, आणि एडीसी म्हणजे हवाई संरक्षणाची मंजुरी. आकाशातला प्रत्येक ठिपका कोणाचा आहे हे हवाई दलाला आधीच माहीत हवं, त्यासाठी ती असते. आमच्या ऑफिसात दिवसभर हाच प्रश्न ऐकू येतो, "एडीसी आलं का?" ते आल्याशिवाय विमान हलत नाही.

चुकून उतरलं तर? ७ जुलै २०१६ ला अमेरिकेत डेल्टाचं प्रवासी विमान रॅपिड सिटीऐवजी जवळच्या एल्सवर्थ या हवाई दलाच्या तळावर उतरलं. दोन्ही धावपट्ट्यांची दिशा जवळजवळ सारखी. प्रवाशांना खिडक्यांच्या झडपा ओढून दोन तासांहून जास्त वेळ आत बसवून ठेवलं. २००४ मध्ये नॉर्थवेस्टचं विमानही तिथेच असं उतरलं होतं. म्हणून उतरण्याआधी कंपासवर धावपट्टीची दिशा आणि धावपट्टीवर रंगवलेला आकडा, दोन्ही ताडून बघा.

आता जे सांगण्यासाठी खरं तर हे उत्तर लिहायला बसलो ते. माझा भाचा तुमच्यासारखाच शिकत होता. सोलो क्रॉस-कंट्रीवर, म्हणजे एकट्याने करायच्या लांबच्या सराव उड्डाणावर, रांजणगावच्या आसपास असताना त्याच्या ऑइल प्रेशरचा काटा खाली यायला लागला. लोहगाव बारा-तेरा मिनिटांवर, त्याचं स्वतःचं फील्ड, म्हणजे जिथून उडाला ती धावपट्टी, जवळपास दुप्पट लांब. तो लोहगावला वळला नाही, कारण त्याच्या इन्स्ट्रक्टरने बजावून ठेवलं होतं, "मिलिटरी फील्डवर उतरलास तर करिअर संपलं समज." पोरगा घरच्या फील्डवर पोचला. चाकं टेकल्यावर थोड्याच वेळात इंजिन बंद पडलं. संध्याकाळी आमच्याकडे आला तेव्हा शर्टाच्या बाहीवर काळं तेल होतं आणि चहाचा कप त्याला दोन्ही हातांनी धरावा लागत होता. बेल्टचं बक्कल सुटेना म्हणून मेकॅनिकने येऊन सोडवलं, म्हणाला. त्या इन्स्ट्रक्टरवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

ते वाक्य धडधडीत खोटं आहे. खऱ्या आणीबाणीत निर्णय विमानाच्या कप्तानाचा असतो, परवानगीची वाट बघायची नसते. चालू फ्रिक्वेन्सीवर तीन वेळा मेडे, हा संकटाचा इशारा, म्हणा. तिथे कोणी उत्तर देत नसेल तर १२१.५ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर. ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) ७७०० हा आणीबाणीचा कोड लावा. काय बिघडलंय, विमानात किती माणसं आहेत, किती इंधन आहे ते सांगा. टॉवर तुमच्यासाठी बाकीची विमानं बाजूला करतो. लढाऊ विमानांच्या तळावर लांब धावपट्टी असते, फायर टेंडर तयार असतात. धावपट्टीच्या टोकाला अरेस्टर बॅरिअरची जाळी असते, ती लढाऊ विमानांसाठी. तुम्ही तिच्या बरंच आधी थांबाल.

उतरल्यावर चौकशी होईलच. टॉवर सांगेल तिथेच थांबा, इंजिन बंद करा, कोणी येईपर्यंत बाहेर पडू नका. ओळखपत्र, लायसन्स, विमानाची कागदपत्रं बघतील, जबाब घेतील. मोबाइल खिशातच राहू द्या, फोटो अजिबात नको. डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाला, कळवावं लागेल, आणि पुन्हा उडायचं तर नव्याने मंजुरी घ्यावी लागेल. एखादा दिवस त्यात जाईल.

पुढच्या क्रॉस-कंट्रीआधी चार्टवर तुमच्या मार्गाजवळची लष्करी फील्डं लाल पेनने गोल करा आणि त्यांच्या टॉवरची फ्रिक्वेन्सी नीबोर्डवर (मांडीला बांधायच्या पॅडवर) लिहून ठेवा. कुठे अडलं तर इथेच विचारा, रात्री उशिरा का होईना, मी उत्तर देईन.