अ‍ॅनालॉग लाइनसाठी गेटवे घेताना

सातपूरच्या ऑफिसात साध्या तारेच्या (अ‍ॅनालॉग) तीन-चार टेलिफोन लाइनच असतील तर त्या जोडायला ऑफिसच्या फोन-सर्व्हरमध्ये (आयपी पीबीएक्स) कार्ड टाकण्याच्या फंदात पडू नका. चार एफएक्सओ पोर्टचा गेटवे, म्हणजे या लाइन नेटवर्कवरून सर्व्हरला जोडणारा वेगळा डबा, घ्या. सर्व्हर बदलला तरी तो तसाच चालतो, ड्रायव्हरची कटकट नाही. एफएक्सओत एक्स्चेंजची लाइन जाते, एफएक्सएसमध्ये साधा फोन. उलट जोडलंत तर एफएक्सएस पोर्ट जळू शकतो. दुकानदार नुसतं ‘चार पोर्ट’ म्हणतो. कोणते, ते आपण विचारायचं.

खरी डोकेदुखी कॉल संपल्यावर. समोरच्याने फोन ठेवलेला गेटवेला कळत नाही आणि लाइन अडकून बसते. म्हणून पोलॅरिटी रिव्हर्सल (एक्स्चेंज लाइनचे प्लस-मायनस उलटवून देतं ती खूण) ओळखणाराच घ्या. लाइनवर ते मिळत नसेल तर गेटवेच्या सेटिंगमध्ये बिझी टोन भारताचा भरा: ४०० हर्ट्झ, ७५० मिलिसेकंद चालू, ७५० बंद. अमेरिकेचा तसाच ठेवलात तर बिझी टोन ओळखलाच जाणार नाही. कॉलर आयडी दिसत नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये डीटीएमएफ (बटणांच्या सुरांनी नंबर पाठवायची पद्धत) लावून बघा.

आवाज घुमतोय? आधी इम्पीडन्स (लाइनचा विद्युत अवरोध) जुळवा, मग गेन (आवाजाची पातळी) उतरवा. वळीव सुरू व्हायच्या आत सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या झटक्यापासून बचाव) आणि नीट अर्थिंग करून घ्या. आणि हो, लाइन फायबरवर आली असेल तर थेट सिप (नेटवर्कवरून कॉल जोडायची पद्धत) मिळतं का, हे आधी विचारा. मिळालं तर गेटवेचा खर्चच वाचला.