आज मोकळ्या दिसणाऱ्या जागेवरचे आरक्षण

प्रश्न : आमच्या शहराच्या नव्या विकास आराखड्यात, जिथे आज नुसते माळरान आहे, तिथे शाळा, दवाखाना आणि उद्यान यांची आरक्षणे टाकली आहेत. वीस वर्षांनी तिथे किती लोक राहतील हे कोणालाच नेमके सांगता येत नसताना जमिनी आतापासून अडकवून ठेवणे योग्य आहे का?
– एक वाचक

उत्तर : लोकसंख्येचे अंदाज चुकतात, हे आपले म्हणणे खरे आहे. मात्र ते कोणत्या बाजूला चुकतात यावर नुकसान अवलंबून असते. राखलेली जागा लागली नाही, तर आरक्षण बदलता किंवा उठवता येते. न राखलेल्या जागेवर एकदा वस्ती उभी राहिली, की शाळेसाठी लोकांची घरे पाडण्याची वेळ येते.

१८११ मध्ये मॅनहॅटनच्या रस्त्यांचा आराखडा झाला, तेव्हा न्यूयॉर्कची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती. तरीही रस्त्यांची आखणी वस्तीच्या कितीतरी पुढे, १५५व्या रस्त्यापर्यंत केली गेली. एवढ्या लांबचे पाहणाऱ्या त्या आयुक्तांनी मोकळ्या जागा मात्र बेताच्याच ठेवल्या, कारण बेटाभोवती पाणी असल्याने स्वच्छ हवेची उणीव भासणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. अखेर सेंट्रल पार्कच्या जमिनीसाठी १८५३ मध्ये कायदा करावा लागला आणि सुमारे १,६०० लोकांना घरे सोडावी लागली. त्यांत सेनेका व्हिलेज ही स्वतःची घरे, चर्च आणि शाळा असलेली, मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्तीही गेली. त्या उद्यानाचे कौतुक करताना हे विसरू नये, असे मला मनापासून वाटते.

आरक्षणाचा आकारही हिशेबानेच ठरतो. समजा, एका विभागात १०,००० लोक राहणार आहेत आणि दर दहांमागे एक मूल प्राथमिक शाळेच्या वयाचे आहे, तर मुले १,००० होतात. वर्गात ४० धरल्यास २५ खोल्या लागतात, मैदान वेगळेच. पण नव्या वसाहतीत बहुधा तरुण जोडपी एकाच सुमारास राहायला येतात, त्यामुळे शाळा आधी तुडुंब भरते आणि ती मुले मोठी झाली की वर्ग ओस पडू लागतात. म्हणून शाळा आणि दवाखाना शेजारी-शेजारी दाखवणे शहाणपणाचे असते. पुढे त्याच खोल्या ज्येष्ठांच्या उपयोगी पडू शकतात.

आपला ‘अडकवून’ हा शब्द मात्र अगदी रास्त आहे. भूसंपादनासाठी पैशांची तरतूदच नसेल, तर मालकाला ना जमीन वापरता येते ना मोबदला मिळतो, आणि हा उघड अन्याय आहे. तेव्हा हरकती व सूचना मागवल्या जातील, त्या वेळी आरक्षण रद्द करण्याची मागणी न करता, कोणता भूखंड कोणत्या वर्षी आणि कोणत्या निधीतून ताब्यात घेणार, याचे वेळापत्रक लेखी मागावे.