“सुटलीये आत्ता कुठे, परत त्याच लोकांत बसणार?”

हा प्रश्न हल्ली इतक्या वेळा कानावर येतो की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. नवऱ्याची दारू सुटलेली असते, आणि तो म्हणतो मी आता पिअर सपोर्टचं, म्हणजे स्वतः त्यातून गेलेल्याने दुसऱ्याला आधार द्यायचं, ट्रेनिंग घेऊन सर्टिफिकेट काढतो, दुसऱ्यांना मदत करतो. घरच्यांच्या पोटात गोळा. परत पितील का मॅडम?

कळव्याचं एक जोडपं. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.) दादांना दारू सोडून तीन वर्षं झालेली, रबाळ्याला नोकरी, संध्याकाळी एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची, मीटिंग. माझ्याकडे समुपदेशनाची पहिली दोन सेशन्स ताई फक्त “परत पितील” म्हणत होत्या आणि मी समजावत होते, त्या मान हलवायच्या पण पटत काहीच नव्हतं.

तिसऱ्या वेळी बोलता बोलता दादांचा फोन वाजला. त्यांनी लगेच कट केला, पण माझं लक्ष ताईंच्या हाताकडे गेलं, पर्सचा पट्टा दोन्ही मुठींत गच्च धरलेला. विचारलं काय झालं.

“आधी रात्री दीडला फोन यायचा तो बारवाल्याचा, तुमचा माणूस इथे पडलाय म्हणून. आता रात्री दीडला कुणीतरी नवीन सोडलेला पोरगा फोन करतो आणि हे शर्ट चढवून निघतात. दोन्ही वेळेला दारात मीच उभी असते मॅडम. हे सुधारले, माझी रात्र तीच आहे.”

दादा बघतच राहिले. तीन वर्षं त्यांना वाटत होतं की बायकोचा आपल्यावर विश्वास नाही. मग हळूच म्हणाले, “पण मलाच जायला लागतं ना.”

माझ्यावर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांचा संस्कार आहे (‘असंच झालं पाहिजे’ या हट्टातून माणूस स्वतःला त्रास करून घेतो, असं तो म्हणायचा), त्यामुळे माझे कान या ‘च’वर असतात. कागदावर ‘मलाच’ लिहिलं, ‘च’ खोडला आणि विचारलं, “तुम्ही पीत होतात तेव्हा एएचे किती जण घरी आले होते?”

“दोघं.” बराच वेळ गप्प. मग स्वतःच म्हणाले, “एकट्याने जायचंच नसतं. मी ते विसरलो.”

इतकी वर्षं या कामात आहे, पण असा क्षण आला की आजही अंगावर काटा येतो, कारण उत्तर त्यांचं होतं, मी फक्त एक अक्षर खोडलं.

आता मूळ प्रश्न. दुसऱ्याला मदत केल्याने दारू परत सुरू होते असं नाही, उलट १९३५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रनच्या हॉटेलात एएचा सहसंस्थापक बिल डब्ल्यू.ला पिण्याची ओढ लागली तेव्हा त्याने फोन फिरवले ते दुसरा दारुडा शोधायला, आणि एए उभं राहिलं त्यातूनच. धोका असतो तो एकट्याने सगळं अंगावर घेण्यात. अमेरिकेत जॉर्जिया राज्याने १९९९ मध्ये पिअर सपोर्टला मेडिकेडचे (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे) पैसे द्यायला सुरुवात केली, म्हणजे ते रीतसर काम झालं. आपल्याकडे व्यसनमुक्ती केंद्रांत पिअर एज्युकेटर असतात, पण नर्ससारखं त्यांचं रजिस्ट्रेशन नाही, सर्टिफिकेट ज्या त्या संस्थेचं. म्हणून फी भरण्याआधी विचारा, की माझ्यावर लक्ष कोण ठेवणार, रात्रीचे फोन कोण घेणार, मलाच ओढ लागली तर मी कुणाकडे जायचं. आपली स्टोरी किती सांगायची आणि कुठे थांबायचं हे शिकवतात का ते बघा. उसने पैसे देऊ नये, कुणाच्या गोळ्या बंद करायला सांगू नये, जिवाचं बरंवाईट करायची भाषा ऐकली तर स्वतःजवळ ठेवू नये, हे ज्या ट्रेनिंगमध्ये नाही ते घेऊ नका. आणि रात्री कुणालाही देता येतील असे नंबर आहेत, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६.

दादांनी ट्रेनिंग पूर्ण केलं. आता केंद्रात रात्रीच्या फोनच्या पाळ्या लावल्यात, त्यांच्या आठवड्यातून दोन, जायची वेळ आली तर बरोबर दुसरा माणूस. बाकीच्या रात्री फोन हॉलमध्ये टीव्हीखाली चार्जिंगला. पाळीच्या तारखांना कालनिर्णयवर गोल ताई स्वतः करतात.