शेजारचा मकाऊ चालतो, मग आमचा मिठू का नाही?

प्रश्न : सर, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. काही वर्षांपूर्वी सासऱ्यांनी एका फिरत्या विक्रेत्याकडून पोपटाचं पिल्लू घेतलं होतं. सासरे आता नाहीत. सासूबाई अंथरुणावर असतात आणि दिवसभर मिठूशीच बोलतात. परवा सोसायटीतल्या एकानं सांगितलं, की पोपट पाळणं गुन्हा आहे, तुरुंगात जाल. समोरच्या इमारतीत मात्र निळापिवळा मकाऊ, म्हणजे मोठा परदेशी पोपट आहे. मालक त्याला खांद्यावर बसवून फिरतात, त्याचे व्हिडिओ टाकतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. हा कुठला न्याय? आणि मिठूला आता सोडून द्यायचं का?
– एक गृहिणी, सांगली

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचं आहे. पिंजऱ्याचं दार उघडून मिठूला सोडू नका. पिल्लू असल्यापासून माणसाच्या हातून खाल्लेल्या पोपटाला चारा शोधता येत नाही, थव्याच्या हाका समजत नाहीत, मांजराची भीती वाटत नाही. कावळे त्याला तासाभरात घेरतात. पुष्कळ माणसं कारवाईच्या धास्तीनं किंवा पुण्य म्हणून असे पक्षी सोडतात आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते जखमी अवस्थेत वन खात्यात आणून देतं. मी वनक्षेत्रपाल होतो तेव्हा अशा पोपटांचे छाटलेले पंख पाहून जीव कळवळायचा.

आता कायदा. तुमच्या सोसायटीतल्या माणसानं सांगितलं ते खरं आहे. गळ्याला गुलाबी कडं असलेला आपला नेहमीचा पोपट, त्याहून मोठा पहाडी पोपट, लाल डोक्याचा लहान पोपट, हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहेत. 2022 च्या दुरुस्तीआधी नेहमीचा पोपट चौथ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या चौथ्या यादीत होता, आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणं कायद्याच्या भाषेत शिकारच आहे. विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं हाही गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाजारात ‘रिंगनेक’ म्हणून निळे-पिवळे पोपट परदेशी असल्याचं सांगून विकतात, तेही याच जातीचे. अनुसूचीत जातीचं नाव आहे, रंगाचं नाही.

मकाऊचं तसं का नाही? कारण हा कायदा मुळात आपल्या देशातल्या प्राण्यांसाठी लिहिला गेला. मकाऊ दक्षिण अमेरिकेतला, आफ्रिकन ग्रे हा राखाडी पोपट नावाप्रमाणे आफ्रिकेतला, कॉकाटील आणि बजरीगर ऑस्ट्रेलियातले. 2022 ची दुरुस्ती होईपर्यंत यांना या कायद्याचं संरक्षणच नव्हतं. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराचा भारत 1976 पासून सभासद आहे, पण त्याचा अंमल व्हायचा तो सीमेवर. विमानतळावर कस्टमनं पकडलं तर पकडलं. पक्षी एकदा सांगली-मिरजेपर्यंत पोचला, की त्याला हात लावायला वन खात्याकडे कलम नव्हतं.

जून 2020 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं एक सोय काढली. ज्यांच्याकडे परदेशी प्राणी-पक्षी आहेत त्यांनी सहा महिन्यांत स्वतःहून माहिती द्यावी, कुठून आणले याचे कागद मागितले जाणार नाहीत. म्हणजे लाखाच्या घरातला पक्षी चोरट्या वाटेनं आला असला, तरी त्याच्या मालकाला मोकळं होण्याची संधी मिळाली. चारदोनशे रुपयांना पिल्लू घेणाऱ्या तुमच्या सासऱ्यांसारख्या माणसाला तशी संधी कधीच मिळाली नाही. ताई, तुमच्या रागाला इथं आधार आहे, आणि खात्यात नोकरी केलेला माणूस म्हणून मी ते स्पष्ट लिहितो. हा अन्यायच आहे.

1 एप्रिल 2023 पासून दुरुस्त कायदा लागू झाला आणि साइट्सच्या याद्या नव्या चौथ्या अनुसूचीत आल्या. 28 फेब्रुवारी 2024 ला त्याचे नियम निघाले. आता या यादीतला जिवंत पक्षी घरात असेल तर ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंद हवी. जुन्या मालकांना त्यासाठी सहा महिने दिले होते, ती मुदत संपली आहे. पिल्लं झाली, पक्षी मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. तेव्हा समोरच्या गृहस्थांनाही सगळं माफ आहे असं समजू नका. नोंदीचा कागद नसेल तर तेही अडचणीत आहेत.

तरीही गोंधळ मिटलेला नाही, कारण सगळा भार यादीवर आहे. लव्हबर्डच घ्या. गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड साइट्सच्या यादीत नाही, त्याला नोंद नको. फिशर जातीचा लव्हबर्ड यादीत आहे, त्याला हवी. दुकानात दोघं एकाच पिंजऱ्यात बसलेले असतात आणि शाळकरी मुलाला घेऊन आलेल्या बापाला दोन्ही सारखेच दिसतात. मकाऊमध्ये निळापिवळा साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे यादीत, तर लाल मकाऊ पहिल्या म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात. आफ्रिकन ग्रे जानेवारी 2017 पासून पहिल्या परिशिष्टात गेला, तेही उशिरा. घाना देशात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून या पोपटांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती. जंगलतोड हे एक कारण, आणि बोलका पोपट घरात हवा ही जगभरची हौस हे दुसरं.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण कायदा आपल्या पोपटावर इतका कडक का, ते त्याशिवाय कळत नाही. पोपट झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. होळीच्या आगेमागे पिल्लं काढणारे रानात फिरतात. हात आत जात नाही म्हणून ढोलीचं तोंड कुऱ्हाडीनं फोडतात. पिल्लं जातात ती जातात, शिवाय ती ढोली कायमची वाया जाते. पुढच्या वर्षी तिथं पोपटही येत नाही आणि पिंगळाही. काढलेली पिल्लं टोपलीत दाटीनं भरून नेतात, त्यातली किती तरी वाटेतच मरतात. तुमच्या घरी एक मिठू पोचला, त्याच्यामागे न पोचलेली भावंडं आहेत. मकाऊ निदान बहुतेक वेळा पिंजऱ्यात जन्मलेला असतो, आपला पोपट बहुधा रानातून उचललेला असतो. या एका बाबतीत कायद्यानं केलेला फरक मला पटतो.

जे पटत नाही ते असं, की पक्ष्याला काय सोसावं लागतं याचा विचार कुठल्याच यादीत नाही. मकाऊ पन्नास वर्षं जगू शकतो. रानात तो जोडीनं राहतो, रोज कित्येक मैल उडतो. फ्लॅटच्या गॅलरीत साखळीला बांधलेला मकाऊ स्वतःची पिसं उपटून काढतो, तेव्हा त्याच्या मालकाकडे परिवेशचा कागद असतो आणि सगळं नियमात असतं. म्हणून ‘मकाऊ चालतो तर मिठूही चालू द्या’ या मागणीला माझा विरोध आहे. मागणी उलटी हवी. परदेशी पक्षी ठेवणाऱ्याला पिंजऱ्याचा आकार, आहार, जोडीदार, पशुवैद्याची तपासणी यांची सक्ती करा, दुकानदाराला प्रत्येक पिंजऱ्यावर जात आणि अनुसूची लिहायला लावा. आणि देशी पोपट घरात असलेल्या कुटुंबांना एकदा ठरावीक मुदत द्या, न घाबरता पक्षी आणून द्यायला. मकाऊवाल्यांना देता आली, तर यांनाही देता येईल.

शिराळ्याच्या बाजूला मी नोकरी केली आहे. नागपंचमीला जिवंत नाग धरण्यावर उच्च न्यायालयाची बंदी आली तेव्हा गावातली जाणती माणसं मला हेच विचारायची, की साहेब, आम्ही तर देव मानून धरतो, मग आम्हीच गुन्हेगार कसे? दरडावून काही झालं नाही. बसून, नाग धरताना आणि कोंडून ठेवताना त्याला काय होतं ते सांगितलं, तेव्हा निदान ऐकून घेतलं गेलं. पोपटाच्या बाबतीत असं बसून सांगायला घरोघरी कोण गेलं?

आता मिठूचं काय करायचं ते. सांगलीच्या वन कार्यालयात साध्या कागदावर अर्ज लिहा. पक्षी कधी, कसा घरी आला, आता त्याला खात्याच्या ताब्यात द्यायचं आहे, एवढं पुरे. अर्जाची पोच घ्या. जाणं जमत नसेल तर 1926 या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर फोन करा. माझ्या काळात स्वतःहून पक्षी घेऊन आलेल्या घरच्या माणसाला आम्ही जबाब घेऊन परत पाठवत असू, आमचा रोख विकणाऱ्यावर असे. सासऱ्यांना तो विक्रेता कुठं भेटला होता ते आठवत असेल तर जरूर सांगा. उडता येण्यासारखा पक्षी मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात इतर पोपटांबरोबर ठेवतात, पंख नवे येईपर्यंत आणि भीती शिकेपर्यंत. मगच सोडतात. जो सुटण्यासारखा नसतो त्याला निदान थवा मिळतो.

तोपर्यंत नुसत्या सूर्यफुलाच्या बिया आणि मिरच्या देऊ नका, तेलकट बियांनी यकृत बिघडतं. पेरू, गाजर, पालक, भिजवलेली मटकी, शाळवाचं हिरवं कणीस द्या. सासूबाईंना एकदम सांगू नका, चार दिवस आधीपासून बोला. त्यांच्या खाटेजवळच्या खिडकीबाहेर ज्वारी आणि पाण्याची परात ठेवा. विश्रामबागेत अजून जुनी झाडं आहेत, पोपट येतात.

प्रश्न : मी कराडला कॉलेजात शिकतो. मित्राकडे पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेलं कासव आहे, त्यानं भरभराट होते म्हणतात. माझ्याकडे कानामागे लाल पट्टा असलेलं पाण्यातलं कासव आहे. दोन्ही बेकायदा आहेत का?

उत्तर : मित्राचं कासव स्टार कासव दिसतंय. ते आता पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं. शिक्षा किमान तीन वर्षं कैद, जास्तीत जास्त सात. 2019 मध्ये साइट्सनंही ते पहिल्या परिशिष्टात घेतलं, कारण याच भरभराटीच्या समजुतीपायी आणि परदेशातल्या मागणीपायी ही कासवं पोत्यांनी पकडली जातात. आजच 1926 ला फोन करायला सांग.

तुझं कासव अमेरिकेतलं. दुकानात ते नाण्याएवढं असतं, वाढून ताटलीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. कंटाळा आला म्हणून त्याला कोयनेत, कृष्णेत किंवा गावच्या तळ्यात सोडू नकोस. ते आपल्या कासवांचा चारा आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावतं. मोठी टाकी घे, कोरडा दगड आणि रोजचं ऊन दे. ते झेपणार नसेल तर पशुवैद्यांना विचारून सांभाळणारा माणूस शोध, आणि मिळेपर्यंत तूच सांभाळ.