जुन्या मॅन्युअल लेन्स : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : निकॉन डी५६०० वर साध्या अडॅप्टर कडीने एम४२ ची (जुन्या, आटे असलेल्या माउंटची) ५८ मिमी हेलिओस ४४-२ बसवली. जवळचे चेहरे छान येतात, पण दूरचा डोंगर काही केल्या स्पष्ट होत नाही. लेन्स खराब आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लेन्स बहुधा धडधाकट आहे, घोळ अंतराचा आहे. एम४२ लेन्सची बैठक सेन्सरपासून ४५.४६ मिमीवर हवी. निकॉन डीएसएलआरचा माउंट, म्हणजे लेन्स बसते ती कडाच, ४६.५ मिमीवर असतो, त्यात कडीची जाडी आणखी एखादा मिलिमीटर. लेन्स अशी दोन मिमी पुढे सरकली की ५८ मिमीचा फोकस साधारण पावणेदोन मीटरच्या पलीकडे जातच नाही. दूरचा फोकस मिळावा म्हणून काच बसवलेला अडॅप्टर मिळतो, पण स्वस्तातली काच लेन्सची धार घालवते, म्हणून तो घेऊ नका. ही जोडी पोर्ट्रेटसाठीच ठेवा. या लहान सेन्सरवर ५८ मिमी ८७ मिमीसारखी दिसते. डी५६०० अशा लेन्सवर उजेड मोजून देत नाही. एम (मॅन्युअल) मोडवर एक फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघा आणि शटर वरखाली करा. कॅनन ईएफचा माउंट ४४ मिमीवर असल्याने तिथे पातळ कडी पुरते, आणि मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) तर माउंट सेन्सरच्या बराच जवळ असल्याने कडीला भरपूर जागा असते.

प्रश्न : चोर बाजारात जुनी लेन्स घेताना नेमकं काय तपासावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही झाकणं काढा, ॲपर्चर (उजेड आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडा आणि मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारून समोरून बघा. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या, फोटोत ते उमटत नाहीत. कडेकडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले दिसले तर ती बुरशी. ती पुसून निघाली तरी काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असेल तर डाग कायमचा राहतो. सगळीकडे सारखा दुधी थर असेल तर उजेडासमोरचे फोटो फिके येणार. मागच्या काचेवरचा ओरखडा पुढच्यापेक्षा जास्त त्रास देतो.

मग ॲपर्चरची पाती. पेंटाकॉन ५० मिमी एफ/१.८ सारख्या ऑटो लेन्सची मागची पिन दाबून सोडा. पाती झटकन हलली पाहिजेत. रेंगाळली तर पात्यांवर तेल उतरलंय. हेलिओस ४४-२ ची पाती हाताने फिरतात, त्यामुळे तेलाचा हलका डाग असला तरी ती चालते. फोकस कडी जड फिरत असेल तर आतलं ग्रीस सुकलंय. दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा. फिल्टरची कड चेपलेली असेल तर लेन्स पडली असण्याची दाट शक्यता, ती नको.

सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ पिवळी दिसली म्हणून टाकून देऊ नका. तिच्या बऱ्याच नगांत थोरियमची काच आहे, ती वयोमानाने पिवळी पडते आणि यूव्ही एलईडीखाली काही दिवस ठेवली की बरीच निवळते. हे काम उन्हात करायचं असेल तर लेन्सकडे सतत लक्ष ठेवा, एकवटलेल्या उन्हाने आग लागू शकते.

आणि घरी आल्यावर जुनं चामडी कव्हर फेकून द्या, ते ओल धरतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक हवंच. काटा ४०–५० टक्क्यांत ठेवा.

प्रश्न : सोनी मिररलेसवर हेलिओस लावली तर शटरच पडत नाही. फोकसही चुकतो.
– एक वाचक, पणजी

उत्तर : कॅमेऱ्याला लेन्स लावलेली कळतच नाही. मेन्यूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ सुरू करा आणि ए मोड (ॲपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा) ठेवा. बॉडीत स्टेबिलायझेशन (हात हलण्याची भरपाई) असेल तर फोकल लेंथ हाताने ५८ भरा. ४४-२ ला ॲपर्चरच्या दोन कड्या आहेत: पुढच्या कडीने समजा एफ/४ ठरवा, मागची कडी फिरवून पूर्ण उघडा, पडद्यावर समोरच्याचा डोळा झूम करून फोकस घ्या, मग मागची कडी अडेपर्यंत मिटवून शटर दाबा. एफ/२ वर नुसत्या पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर) विसंबू नका. रंगीत कड दिसते तरी फोकस पापणीऐवजी कानावर गेलेला असतो.